न बुजवलेली छिद्रे : उतारवयातील जन्मजात हृदयदोषांच्या उपचारांचा इतिहास

हृदयाच्या पडद्यातील छिद्र, जन्मानंतरही उघडी राहिलेली गर्भावस्थेतील वाहिनी किंवा महाधमनीचा अरुंद भाग घेऊन जन्मलेली काही माणसे कोणतीही शस्त्रक्रिया न होता पन्नाशी, साठी, क्वचित सत्तरीही गाठतात. त्यांच्यात मोठा गट असतो हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असलेल्यांचा. रुग्णालयात त्याला 'एएसडी' म्हणतात. अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांपुढे दोन प्रश्न असतात. इतक्या उशिरा छिद्र बंद करावे का, आणि बंद करायचे नसेल तर उरलेले आयुष्य कसे सांभाळावे? गेल्या शंभर वर्षांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली. कधी रुग्णाच्या वयाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले, तर कधी फुप्फुसातल्या रक्तदाबाला वाजवीपेक्षा कमी.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांना कर्णिका व खालच्यांना जवनिका म्हणतात. डाव्या बाजूचा दाब उजवीपेक्षा जास्त असल्याने पडद्यातल्या छिद्रातून शुद्ध रक्त उजवीकडे वळते आणि पुन्हा फुप्फुसात जाते. कर्णिकांमधला दाब मुळातच कमी असतो. त्यामुळे वरच्या पडद्यातल्या छिद्राचा त्रास बालपणी सहसा जाणवत नाही. मूल खेळते, वाढते, शाळेत जाते. जवनिकांमधल्या मोठ्या छिद्राचे तसे नसते. तिथला दाब जास्त असल्याने बाळ पहिल्या काही महिन्यांतच आजारी पडते. एएसडीमध्ये उजवे कप्पे वर्षानुवर्षे जादा रक्त ढकलत राहतात आणि हळूहळू ताणले जातात. पुढे चाळिशी-पन्नाशीत रक्तदाब वाढतो, डावी जवनिका ताठर होते, तिच्यात रक्त सहज शिरत नाही आणि त्याच छिद्रातून उजवीकडे जाणारे रक्त आणखी वाढते. कर्णिका फुगल्या की ठोके अनियमित पडू लागतात. वीस वर्षांच्या तरुणातले आणि साठीच्या माणसातले सारख्याच आकाराचे छिद्र म्हणूनच दोन वेगळ्या आजारांसारखे वागते.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या काळात ही माहिती बहुतेक मृत्यूनंतरच्या विच्छेदनातून मिळत असे. पॅरिसचे आँरी रोजे यांनी 1879 मध्ये जवनिकांमधल्या पडद्यातल्या लहान छिद्राचे वर्णन केले. ठळक मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू येत असूनही असा माणूस दीर्घकाळ धडधाकट जगू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. मोठ्याने आवाज करणारा दोष सौम्य असू शकतो, हा त्यातला धडा महत्त्वाचा होता. 1888 मध्ये मार्सेय येथील एतिएन-लुई आर्थर फालो यांनी 'निळ्या आजारा'मागच्या चार दोषांची सांगड घातली. 1897 मध्ये व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 32 वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत नोंदवली. या माणसाला लहानपणापासून धाप लागे आणि अंगावर निळसर झाक होती, तरी त्याने बऱ्यापैकी कामाचे आयुष्य काढले होते. शेवटी खोकल्यातून मोठा रक्तस्राव होऊन तो दगावला. विच्छेदनात जवनिकांच्या पडद्यात मोठे छिद्र सापडले. त्या छिद्राने फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचे काय केले होते, हे समजायला पुढे साठ वर्षे जावी लागली.

उतारवयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी नोंद रने लुटेंबाखर यांची आहे. 1916 मध्ये त्यांनी 61 वर्षांच्या एका स्त्रीचे वर्णन केले. तिच्या कर्णिकांमधल्या पडद्यात मोठे छिद्र होते आणि डाव्या बाजूची मायट्रल झडपही अरुंद झालेली होती. या हृदयानिशी तिने सात गर्भारपणे निभावली होती. झडप अरुंद झाल्याने रक्त पुढे जायला अडते, तेव्हा छिद्र त्याला पळवाट देते. त्यामुळे फुप्फुसावरचा ताण काही काळ हलका होतो, पण उजव्या हृदयावरचा भार वाढतो. सांधेताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप, जिथे सर्रास आढळतो त्या भारतासारख्या देशांत ही जोडी आजही पुस्तकापुरती राहिलेली नाही.

या विखुरलेल्या नोंदींना शास्त्राचे रूप दिले माँट्रियलच्या मॉड अ‍ॅबट यांनी. त्या स्त्री असल्यामुळे मॅकगिल विद्यापीठाने त्यांना वैद्यकशाखेत प्रवेश नाकारला. त्यांनी दुसऱ्या महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि पुढे त्याच मॅकगिलच्या वैद्यकीय संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथल्या बरण्यांत त्यांना अँड्र्यू होम्स यांनी 1824 मध्ये वर्णन केलेले एका तरुणाचे हृदय सापडले. दोन्ही कर्णिकांचे रक्त एकाच जवनिकेत येत असूनही तो तरुण विशीपर्यंत जगला होता. 1936 मध्ये अ‍ॅबट यांनी 1000 रुग्णांच्या नोंदींचा अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. कोणत्या दोषासह माणूस किती जगतो, याचा पहिला भरवशाचा हिशोब त्यात मिळाला. मृतांच्या संग्रहातून तयार झालेला हा ग्रंथ जिवंत रुग्णांच्या कामी आला, कारण उपचार करायचे की नाही हे ठरवताना उपचाराविना काय होते, हे आधी माहीत असावे लागते.

हिशोबाबाहेर जाणारी माणसेही होती. अमेरिकेतले संगीतकार हेन्री गिल्बर्ट यांचा जन्म 1868 मधला. त्यांच्या हृदयात फालो यांनी सांगितलेले चारही दोष होते. पुढच्या काळात झालेल्या एका गणितानुसार शस्त्रक्रियेविना या दोषासह चाळिशी गाठणाऱ्यांचे प्रमाण शंभरात अवघे तीन असते. गिल्बर्ट 59 वर्षे जगले. निळ्या ओठांनी आणि लागत्या धापेने त्यांनी आयुष्यभर संगीतरचना केल्या, आणि 1918 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांचे एक नृत्यनाट्य रंगमंचावर आणले. 1928 मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर पॉल डडली व्हाइट व हॉवर्ड स्प्रेग यांनी त्यांच्या आजाराचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात छापला. अशा एकेका नोंदीतून सरासरी काढता येत नाही, पण सरासरीवरून कोणा एकाचे भविष्य सांगणेही किती धोक्याचे आहे, हे तिच्यातून दिसते.

जिवंत माणसात एएसडी ओळखणे ही त्यानंतरची पायरी. एएसडीची मर्मर इतकी मऊ असते की घाईत तपासणाऱ्याच्या कानातून ती सहज निसटते. 1941 मध्ये लंडनचे एव्हन बेडफर्ड, कॉर्नेलिओ पॅप आणि जॉन पार्किन्सन यांनी क्ष-किरण, ईसीजी आणि तपासणीतल्या खुणा एकत्र करून हे निदान रुग्णाच्या हयातीत करता येते, हे दाखवले. पुढे ऑब्री लेथम यांनी हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीचा बारकाईने अभ्यास केला. निरोगी माणसात या ध्वनीचे दोन भाग श्वासाबरोबर जवळ-लांब होतात, तर एएसडीमध्ये ते कायम सारख्याच अंतरावर ऐकू येतात. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून, रुग्णाला सावकाश श्वास घ्यायला लावून मिनिटभर ऐकले तर ही खूण सापडते, आणि आजही चांगल्या शिक्षकाकडे विद्यार्थ्याला ती आधी शिकवली जाते. व्हेर्नर फोर्समान यांनी 1929 मध्ये स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली होती. आंद्रे कुर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनी तिचे रूपांतर रोजच्या तपासणीत केले. त्यामुळे कप्प्यांतला दाब आणि छिद्रातून जाणारे रक्त मोजता येऊ लागले. 1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिले. आजच्या टू-डी इकोचे मूळ तिथे आहे.

दरम्यान शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले होते. 26 ऑगस्ट 1938 रोजी बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली वाहिनी बांधली. 1944 मध्ये स्टॉकहोमला क्लॅरन्स क्राफोर्ड यांनी अरुंद महाधमनी दुरुस्त केली. त्याच वर्षी बाल्टिमोरला हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून निळ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया साकारली. 2 सप्टेंबर 1952 रोजी मिनेसोटामध्ये जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर 28 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, साडेपाच मिनिटे रक्ताभिसरण थांबवून कर्णिकांमधले छिद्र शिवले. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने हेच काम 18 वर्षांच्या मुलीवर यशस्वी केले. या पहिल्या यशांतल्या रुग्णांची वये पाहिली की लक्षात येते, साऱ्या शास्त्राचा रोख लहान मुलांकडे आणि तरुणांकडे होता. पन्नाशीच्या माणसाची छाती उघडण्याचा धोका घ्यावा की नाही, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. त्यामुळे वय हीच सीमारेषा ठरली, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना बहुधा गोळ्या देऊन घरी पाठवले जाई.

या रेषेला आव्हान द्यायला आकडे लागणार होते. 1970 मध्ये लंडनचे मॉरिस कॅम्पबेल यांनी उपचार न झालेल्या एएसडीचा हिशोब मांडला. पहिल्या दोन दशकांत वर्षाला शंभरात एकाहूनही कमी मृत्यू होत होते, तर आयुष्याच्या सहाव्या दशकात हे प्रमाण वर्षाला 7.5 टक्क्यांवर जात होते. कॅम्पबेल यांचे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचलेले, म्हणजे अधिक त्रास असलेले होते, हे लक्षात ठेवूनही चढण स्पष्ट होती. 1990 मध्ये मेयो क्लिनिकने 1956 ते 1960 या काळात शस्त्रक्रिया झालेल्या 123 रुग्णांचे काय झाले, ते प्रसिद्ध केले. पंचविशीच्या आत छिद्र शिवलेल्यांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांइतकेच होते. 41 वर्षांनंतर शिवलेल्यांपैकी 27 वर्षांनी 40 टक्के हयात होते, तर त्याच वयाच्या इतर लोकांत हे प्रमाण 59 टक्के अपेक्षित होते. अनेकांनी याचा अर्थ 'उशिरा करून उपयोग नाही' असा घेतला. तो अर्थ चुकीचा होता. ही तुलना निरोगी माणसांशी होती. शस्त्रक्रिया न केलेल्या त्याच वयाच्या रुग्णांशी केलेली नव्हती.

ती तुलना पुढच्या दशकात झाली आणि सुरुवातीला निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे निघाले. 1994 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने सुमारे 25 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दोन्ही गटांत फरक आढळला नसल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी जर्मन अभ्यासकांनी चाळिशीपुढच्या 179 रुग्णांचा अहवाल दिला. दहा वर्षांनी शस्त्रक्रिया केलेल्यांत 95 टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांत 84 टक्के हयात होते. ठोक्यांची अनियमितता व पक्षाघात मात्र शस्त्रक्रियेने फारसे कमी झाले नव्हते. 2001 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेने चाळिशीपुढच्या सुमारे 500 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून कौल दिला. छिद्र बंद केलेल्यांत गंभीर घटना कमी झाल्या. एका श्रीमंत नसलेल्या देशाने ही चाचणी पार पाडली, हा योगायोग नव्हे. उपचाराविना चाळिशी ओलांडलेले रुग्ण तिथेच मोठ्या संख्येने होते.

तोवर छाती न उघडता छिद्र बंद करण्याची सोय झाली होती. न्यू ऑर्लिन्सच्या टेरी किंग आणि नोएल मिल्स यांनी 1975 मध्ये मांडीतल्या शिरेतून नेलेल्या छत्रीसारख्या उपकरणाने हे प्रथम केले, पण ते उपकरण बोजड होते. मिनेसोटातले कुर्ट अम्प्लाट्झ यांनी निकेल-टायटेनियमच्या तारेची जाळी वापरून दोन चकत्यांचे उपकरण बनवले. नळीत ते दोरीसारखे लांबट होते आणि छिद्राशी पोचल्यावर दोन्ही बाजूंनी उमलते. 2001 च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उतारवयातल्या रुग्णासाठी हा बदल फार मोठा ठरला. छातीचे हाड कापणे, हार्ट-लंग मशीन आणि आठवड्यांची विश्रांती या साऱ्यांऐवजी एक-दोन दिवसांचा मुक्काम पुरू लागला. 2011 मध्ये व्हिएन्नातल्या अभ्यासाने दाखवले की साठीनंतर उपकरण बसवलेल्यांचीही धाप कमी होते आणि उजवी जवनिका आकसते. तरुणाइतका पूर्ण लाभ त्यांना मिळत नाही, पण लाभ होतो. छिद्र मध्यभागी नसेल किंवा त्याच्या कडा पुरेशा नसतील, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

वृद्धांत एक अनपेक्षित संकटही समोर आले. छिद्र बंद होताच काही रुग्णांच्या फुप्फुसात पाणी भरू लागले. ताठर झालेल्या डाव्या जवनिकेचा दाब इतकी वर्षे छिद्रातून मोकळा होत होता, आणि ती वाटच बंद झाली होती. 2001 मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी यावर उपाय सुचवला. आधी फुग्याने छिद्र काही मिनिटे बंद करायचे आणि डाव्या कर्णिकेतला दाब पाहायचा. दाब चढला तर रुग्णाला काही दिवस औषधे देऊन हृदय तयार करायचे, मगच उपकरण बसवायचे, किंवा मुद्दाम लहान भोक ठेवलेले उपकरण निवडायचे. आज जाणकार कॅथ लॅबमध्ये साठीपुढच्या रुग्णासाठी ही काळजी घेतली जाते.

ज्यांचे छिद्र बंद करायचेच नाही, अशा रुग्णांची ओळख पॉल वुड यांनी करून दिली. तमिळनाडूतल्या कुन्नूर येथे 1907 मध्ये जन्मलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने 1958 मध्ये लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत 127 रुग्णांच्या आधारे आयझेनमेंगर यांचे कोडे सोडवले. फुप्फुसात वर्षानुवर्षे जादा रक्त गेले की तिथल्या बारीक धमन्या जाड होतात. रोध इतका वाढतो की प्रवाह उलटतो, आणि अशुद्ध रक्त छिद्रातून डावीकडे जाऊन माणूस निळा पडतो. या अवस्थेत छिद्र बंद केले तर उजव्या जवनिकेला असलेली एकमेव वाट बंद होते आणि रुग्ण दगावतो. छिद्र कोणत्या जागी आहे, यापेक्षा फुप्फुसातला रोध किती आहे हे निर्णायक असते, हा वुड यांचा मुद्दा होता. हा रोध ज्या एककात मोजतात ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वुड युनिटपेक्षा कमी रोध असेल आणि उजवे हृदय ताणलेले असेल तर एएसडी बंद करावी, मग लक्षणे असोत वा नसोत. रोध पाच किंवा त्याहून जास्त असेल तर आधी औषधांनी तो उतरवावा. प्रवाह उलटला असेल तर छिद्राला हात लावू नये.

अशा निळ्या रुग्णांच्या बाबतीत वैद्यकाने दीर्घकाळ एक चूक केली. ऑक्सिजन कमी असल्याने शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्त दाट होते. दाट रक्ताने पक्षाघात होईल या भीतीने अनेक ठिकाणी ठरावीक मुदतीने शिरेतून रक्त काढण्याची पद्धत पडली. हिमोग्लोबिनचा आकडा चढला की रुग्णाला बोलवायचे आणि रक्ताची पिशवी भरून घ्यायची. लॉस एंजेलिसचे जोसेफ पर्लोफ यांनी 1980 च्या दशकात या पद्धतीवर बोट ठेवले. वाढलेल्या पेशी हा आजार नसून शरीराने केलेली तजवीज आहे. वारंवार रक्त काढल्याने लोह संपते, लोहाविना तयार झालेल्या पेशी लहान व ताठर असतात आणि ऑक्सिजनही कमी वाहतात. 1996 मध्ये मेयो क्लिनिकने 162 निळ्या प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या पेशी लोहाअभावी लहान होत्या त्यांच्यातच पक्षाघाताचा संबंध ठळक दिसला. ज्या धोक्याच्या भीतीपोटी रक्त काढले जात होते, तोच त्यामुळे वाढत होता. आता डोकेदुखी, दृष्टी धूसर होणे अशी लक्षणे असतील, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, 65 टक्क्यांवर असेल आणि शरीरात पाणी कमी झालेले नसेल, तरच तेवढ्याच सलाइनच्या भरपाईसह रक्त काढले जाते. लोह कमी असेल तर ते काळजीपूर्वक दिले जाते.

न बुजवलेल्या दोषासह जगणाऱ्याची बाकीची निगा साधी पण काटेकोर असते. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाऊ देता येत नाही, कारण तो छिद्रातून थेट मेंदूत पोचू शकतो. निळ्या रुग्णांत दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते, आणि दातांची निगा रोजच ठेवावी लागते. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणे धोक्याचे असते. केदारनाथसारख्या उंचीवरच्या यात्रा टाळायला सांगितल्या जातात. प्रवाह उलटलेल्या, म्हणजे आयझेनमेंगर अवस्थेत गर्भारपण आईच्या जिवावर बेतणारे असते. साधी हर्नियाची शस्त्रक्रियाही हृदयदोष माहीत असलेल्या भूलतज्ज्ञाकडेच व्हावी लागते. 2006 मध्ये 54 रुग्णांवर झालेल्या चाचणीत बोसेंटान या औषधाने फुप्फुसातला रोध कमी होऊन चालण्याची क्षमता वाढते, हे दिसले आणि ज्या रुग्णांना 'काही करता येत नाही' असे सांगितले जाई त्यांच्यासाठी प्रथमच औषध मिळाले.

अशा रुग्णांसाठी वेगळे दवाखाने असावेत, हा आग्रह लंडनच्या जेन सॉमरव्हिल यांनी 1970 च्या दशकात धरला आणि अमेरिकेत पर्लोफ यांनी. बालरोग विभाग वय वाढले म्हणून सोडतो, मोठ्यांच्या हृदयरोग विभागाला जन्मजात दोषांची सवय नसते आणि रुग्ण मधल्या मध्ये हरवतो, हे दोघांनी पाहिले होते. माँट्रियलच्याच मॅकगिलमधल्या आरियान मारेली यांच्या गणितानुसार 2010 मध्ये क्वेबेक प्रांतात जन्मजात हृदयदोष असलेल्यांपैकी दोन तृतीयांश प्रौढ होते.

भारतात या इतिहासाचे सगळे टप्पे एकाच वेळी चालू आहेत. 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केले, एवढी तयारी इथे होती. पण अशी केंद्रे मोजक्या शहरांत होती, आणि त्या काळात गावखेड्यात जन्मलेल्या मुलांचे छिद्र कोणी ऐकलेच नाही. तीच पिढी आता साठीत आहे. तिच्यातल्या अनेकांची धाप दमा म्हणून, तर खोकल्यातले रक्त क्षय म्हणून वागवले गेलेले असते. बायकांच्या बाबतीत निदान बऱ्याचदा गर्भारपणातल्या तपासणीत होते, पुरुषांच्या बाबतीत मोतीबिंदू वा हर्नियाच्या आधी 'फिटनेस'साठी केलेल्या इकोमध्ये. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहे, पण तपासणीची मर्यादा 18 वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढच्यांसाठी मार्ग उरतो तो एखाद्या सजग डॉक्टरने छातीवर स्टेथोस्कोप ठेवून दुसरा ध्वनी नीट ऐकण्याचा, टू-डी इको करण्याचा आणि छिद्र सापडल्यावर वय विचारण्याआधी फुप्फुसातला दाब मोजण्याचा.